ताप रात्री आला तर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर हा बालकर्करोग जागृतीचा महिना. या महिन्यात सोनेरी फिती लागतात, वॉर्डात खेळणी येतात, चॉकलेटांचे डबे येतात, फोटो निघतात. तक्रार नाही, मुलांना तेवढाच विरंगुळा. (कापडी अस्वले मात्र आणू नयेत. ती धूळ धरतात आणि दारातच बाजूला काढून ठेवावी लागतात.) पण कुटुंबाला माणसांची खरी गरज पडते तो दिवस बहुतेक वेळा गावाकडचा असतो. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, शेवटची एसटी गेलेली असते आणि पोराचे अंग गरम लागत असते. त्या रात्रीविषयी आपल्या वाचकांशी बोलायचे आहे. घरात असे मूल नसले, तरी शेजारी, शाळेत, दवाखान्यात, औषधाच्या दुकानात अशा कुटुंबाशी गाठ पडणारे वाचक पुष्कळ असतील.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा, आणि त्यातही ‘एएलएल’ (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) या प्रकाराचा. याचा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिला टप्पा चार-पाच आठवड्यांचा, त्यानंतर काही महिने जोरदार केमो, आणि उरलेला सगळा काळ ‘मेन्टेनन्स’चा, म्हणजे मुख्यतः घरी गोळ्या आणि ठरावीक दिवशी तपासणी. या अडीच वर्षांतले बहुतेक दिवस मूल रुग्णालयाबाहेर असते. परळच्या खोलीत, धर्मशाळेत किंवा थेट नंदुरबार-गडचिरोलीच्या घरी. तिथे नर्स म्हणजे आई, आणि ड्युटी डॉक्टर म्हणजे जो कोणी रात्री दार उघडेल तो.

आता ताप. केमो घेतल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल या पेशी जंतूंशी लढणाऱ्या. त्या ५०० च्या खाली गेल्या, की आतड्यातले किंवा त्वचेवरचे एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही रक्तात शिरतात आणि काही तासांत मूल शॉकमध्ये जाऊ शकते. अशा वेळी पू होत नाही, घसा लाल दिसत नाही, छातीच्या एक्स-रेत न्यूमोनिया उमटत नाही, कारण सूज आणि पू करणाऱ्या पेशीच नसतात. ताप एवढी एकच खूण उरते. स्टेरॉइड चालू असेल तर तीही दबते. मग हातपाय गार पडणे, मूल मलूल होणे, लघवी कमी होणे यावरून ओळखावे लागते.

हा न्यूट्रोफिलचा आकडा घरच्यांना काढता आला पाहिजे, आणि तो तिसरी-चौथी शिकलेल्या आईलाही काढता येतो. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर एकूण पांढऱ्या पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असे छापलेले असेल, तर १,८०० चे २० टक्के म्हणजे ३६०. म्हणजे हे मूल ५०० च्या खाली. १,८०० हा आकडा पाहून ‘काउंट ठीक आहे’ म्हणणारे दुकानदार, कंपाउंडर आणि कधीकधी डॉक्टरही भेटतात. एकूण आकड्यावर जाऊ नये, गुणाकार करावा.

थर्मामीटर डिजिटल घ्यावा आणि फक्त काखेत लावावा. काख आधी कोरडी पुसावी, हात अंगाशी दाबून धरावा, बीप वाजेपर्यंत काढू नये. मूल नुकतेच रडून उठले असेल किंवा स्वेटर-शालीत गुंडाळलेले असेल, तर कपडे सैल करून दहा-पंधरा मिनिटांनी पाहावे. १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) दिसले की निघायचे. ९९.५ ते १००.३ च्या मध्ये असेल तर तासाभराने परत मोजायचे आणि तोवर पिशवी भरून ठेवायची. गुदद्वारात थर्मामीटर कधीही नाही. तिथली नाजूक त्वचा खरचटली की जंतूंना दार उघडे मिळते. बद्धकोष्ठासाठी एनिमा किंवा गुदद्वारात ठेवायची औषधाची वात नको, तेही याच कारणाने. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधामुळे या मुलांना बद्धकोष्ठ हमखास होते, त्यामुळे हा मोह घरोघरी होतो. पातळ औषध डॉक्टरांना विचारून द्यावे.

सगळ्यात मोठी चूक पॅरासिटामॉलची. ताप आला, अर्धा चमचा सिरप दिले, ताप उतरला, घरचे झोपले. औषधाने आकडा उतरतो, जंतू वाढतच राहतात. सकाळी ताप परत येतो तेव्हा रक्तदाब पडलेला असतो. म्हणून आधी मोजणे, वेळ आणि आकडा कागदावर लिहिणे, रुग्णालयाला फोन, आणि मग ते सांगतील तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन तर घरातच ठेवू नये. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आधीच कमी असतात, त्यात रक्तस्रावाची भर नको.

पिशवी म्हणजे काय? उपचाराची फाइल किंवा तिच्या शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स, शेवटचा सीबीसी, चालू औषधांची यादी, आधार कार्ड, शिधापत्रिका, मोबाइलचा चार्जर, एक बदलायचा कपड्यांचा जोड आणि हजारभर रुपये सुटे. ती दाराच्या खुंटीला कायम भरलेली असावी. वाहन नसेल तर १०८. आणि दवाखान्याच्या दारात पहिले वाक्य एकच: ‘मुलाची केमो चालू आहे, ताप आला आहे.’ पुष्कळ आया ‘दोन दिवसांपासून जेवत नाही’ इथून सुरुवात करतात आणि केस पेपरवर तेवढेच लिहिले जाते. मग मूल साध्या तापाच्या रांगेत बसते.

गावातल्या आणि तालुक्यातल्या डॉक्टरांना हात जोडून विनंती. या मुलाला पोहोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविकाची पहिली मात्रा मिळायला हवी. रक्त काढून पाठवावे, पण रिपोर्टसाठी थांबू नये. रिपोर्ट सकाळी येतो, तास मात्र आताच संपतो. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपाइम असेल तर उत्तम. नसेल तर उपचार करणाऱ्या रुग्णालयाशी फोनवर बोलून हाताशी असलेल्या सेफ्ट्रिॲक्झोनची मात्रा देऊन, सलाइन लावून मग पुढे पाठवावे. ‘आमच्याकडे सोय नाही, मुंबईला न्या’ एवढेच सांगून रिकाम्या शिरेने दहा तासांच्या प्रवासाला लावू नये. कमरेत इंजेक्शन देऊ नये; प्लेटलेट वीस हजारांपर्यंत घसरलेल्या असतील तर तिथे रक्ताची गाठ होते आणि पुढे गळू. मुलाला पोर्ट किंवा पिक लाइन (औषधासाठी शिरेत बसवून ठेवलेली नळी) असेल आणि लाइन धुतल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरली, तर लाइनमध्येच जंतू आहेत असे समजावे.

स्टेरॉइडविषयी एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती निदानाच्याही आधी घडते. पाय दुखतात, रात्री ताप येतो, मूल फिके पडले आहे, अंगावर निळसर डाग आहेत, मानेत-काखेत गाठी आहेत. अशा मुलाला ‘संधिवात असेल’ म्हणून डेक्सामेथासोनची इंजेक्शने दिली जातात. चार दिवसांत मूल धावू लागते आणि डॉक्टरांचे नाव होते. पण स्टेरॉइड हे एएलएलचेच एक औषध आहे. ते अर्धवट दिल्याने कर्करोगाच्या पेशी तात्पुरत्या दबतात, तपासणीत चित्र धूसर येते आणि निदान काही आठवडे पुढे जाते. स्टेरॉइड देण्याआधी एक सीबीसी आणि काचपट्टीवरची रक्ततपासणी करावी, एवढेच मागणे आहे.

ताप टळला तरी दुसरा खड्डा आहे, तो गोळ्यांचा. मेन्टेनन्समध्ये दोन मुख्य औषधे: सिक्स-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन) रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. उदाहरण म्हणून साधारण साडेतेरा किलोचे, शंभर सेंटिमीटर उंचीचे मूल घेऊ. त्याच्या शरीराचे पृष्ठफळ ०.६ चौरस मीटरच्या आसपास येते. त्याला सिक्स-एमपी दिवसाला चाळीसेक मिलिग्रॅम बसते. पण गोळी येते ५० ची. मग डॉक्टर आठवड्याचा हिशेब करतात: सोमवार ते गुरुवार एकेक, शुक्रवार ते रविवार अर्धी. आठवड्याला साडेपाच गोळ्या. मेथोट्रेक्सेट अडीच मिलिग्रॅमची, आठवड्याला पाच गोळ्या, समजा बुधवारी, पाचही एकाच वेळी. (ही मात्रा कुणीही उचलू नये, प्रत्येक मुलाची मात्रा वेगळी आणि रक्ताच्या अहवालानुसार ती बदलत राहते.)

आता चूक कुठे होते पाहा. दोन्ही गोळ्या अनेकदा पिवळसर, लहान. चिठ्ठीवर ‘५’ लिहिलेले. मेथोट्रेक्सेटच्या पाच गोळ्या कुणी पाच दिवसांत वाटून देते, तर कुणी रोज पाच देते. रोज मेथोट्रेक्सेट गेले की आठवड्याच्या आत तोंड आतून सोलून निघते, काउंट कोसळतो, आणि हे जिवावर बेतते. औषधविक्रेत्यांनी मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर ‘आठवड्यातून एकदाच’ असे मराठीत आणि वाराचे नाव घालून लिहून द्यावे. घरी सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे भिंतीवरचे कालनिर्णय. प्रत्येक तारखेच्या चौकटीत सिक्स-एमपीसाठी पूर्ण किंवा अर्धे वर्तुळ काढायचे, बुधवारी लाल फुली, आणि गोळी पोटात गेल्यावरच टिंब. हातात घेतल्यावर नाही. आजीने दिली असे आईला वाटते आणि आईने दिली असे आजीला. टिंबाने हा घोळ मिटतो. तपासणीला येताना त्या पानाचा फोटो आणावा.

गोळी अर्धी करायची तर गोळ्या कापायची छोटी डबी औषधाच्या दुकानात मिळते. खलबत्त्यात कुटू नये, पाट्यावर चुरू नये. ही केमो आहे, तिची पूड घरभर उडते आणि तोच खलबत्ता उद्या आले-लसणाला वापरला जातो. लहान मुलाला गिळता येत नसेल तर चमचाभर पाण्यात विरघळू द्यावी आणि तो चमचा वेगळा ठेवावा. हातमोजे घालावेत. घरात कुणी गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना हात लावू नये. उलटी झाली तर मनाने दुसरी देऊ नये, विचारावे. काही मुलांच्या शरीरात सिक्स-एमपी नीट मोडत नाही (आपल्याकडे ‘एनयूडीटी-१५’ या जनुकातले बदल बऱ्याच जणांत आढळतात) आणि त्यांची मात्रा खूप कमी ठेवावी लागते. म्हणून शेजारच्या खाटेवरच्या मुलाशी तुलना नको. आणि सुट्टी अजिबात नको. अमेरिकेतल्या एका अभ्यासात शंभरातल्या पाचाहून अधिक मात्रा चुकणाऱ्या मुलांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण अडीच पटींहून जास्त आढळले. महिन्यात दोन गोळ्या चुकल्या की ही रेषा ओलांडली जाते. को-ट्रायमोक्साझोल हे आठवड्यातून दोन-तीन दिवस द्यायचे साधे औषधही ‘खोकला नाही तर कशाला’ म्हणून बंद होते. फुफ्फुसातल्या एका घातक बुरशीपासून ते मुलाला वाचवते, खोकला नसतानाच ते द्यायचे असते.

आणि मग ‘रिपोर्ट नील आला’. पहिल्या महिन्यानंतर बोन मॅरो (हाडातला मगज) तपासतात आणि कर्करोगाच्या पेशी शंभरात पाचापेक्षा कमी दिसल्या तर रोग आटोक्यात आला असे म्हणतात. घरी याचा अर्थ ‘बरा झाला’ असा घेतला जातो. निदानाच्या दिवशी अंगात अशा पेशी साधारण एक लाख कोटी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नसतानाही त्यातल्या हजार कोटीपर्यंत शिल्लक राहू शकतात. पुढची दोन वर्षे त्या उरलेल्यांसाठी. नेमके याच वेळी मुलाचे केस परत येऊ लागतात, स्टेरॉइडने गाल वर आलेले असतात, मूल ‘बाळसेदार’ दिसते. गावाकडे सोयाबीन काढणीला आलेले असते. सुईचे दुःख परत कशाला, म्हणून भगताचा अंगारा किंवा कुठल्याशा काढ्याचा मार्ग धरला जातो. सलग चार आठवडे उपचाराला न येणे म्हणजे उपचार सोडणे, अशी व्याख्याच आहे. परत आलेला रोग पहिल्यापेक्षा चिवट असतो आणि त्याचा उपचार कितीतरी महाग.

उपचार सुटतो त्यामागे अज्ञानापेक्षा पैसा जास्त असतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटावे. अडते ते कागदावर: शिधापत्रिकेत मुलाचे नावच नसते, किंवा आधारवर ‘श्रेयस’ आणि जन्मदाखल्यावर ‘श्रेयश’. ही दुरुस्ती गावातल्या कुणा काका-मामाने अंगावर घ्यावी, आईवडिलांना वॉर्ड सोडून तहसीलला पाठवू नये. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचे निळे आधार असेल तर पाच पूर्ण झाल्यावर ठसे द्यावे लागतात, तेही काउंट चांगला असलेल्या आठवड्यात उरकावे. पण कोणतीही योजना बापाची बुडालेली मजुरी, परळमधले खोलीभाडे आणि घरी ठेवलेल्या धाकट्याचे दूध देत नाही. निवाऱ्यासाठी २००६ पासून काम करणारी सेंट ज्यूडची केंद्रे, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा जागा आहेत. जागा मिळेलच असे धरून निघू नये, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी लागते. रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीला रुग्णाला पूर्ण आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे. तिचा फॉर्म रुग्णालयातून सहीशिक्क्यानिशी आधीच घ्यावा, खिडकीवर भांडून उपयोग होत नाही.

प्लेटलेटविषयी दोन वाक्ये. त्या फक्त पाच दिवस टिकतात, म्हणून मे महिन्यात आणि दिवाळीत हटकून तुटवडा होतो. यंत्रावर फक्त प्लेटलेट देणारा (एसडीपी) दाता ४८ तासांनी परत देऊ शकतो, वर्षातून २४ वेळा. आणि व्हॉट्सॲपवरच्या आवाहनावर तारीख लिहा, नाहीतर दोन वर्षांपूर्वीच्या मुलासाठी आजही फोन येत राहतात आणि खरी गरज असलेल्याचा फोन कुणी उचलत नाही.

घरात भावंडे असतील तर त्यांचे लसीकरण चालू ठेवावे, पण पोलिओचे तोंडातून द्यायचे थेंब देऊ नयेत, इंजेक्शनची लस घ्यावी. त्या थेंबांतले जिवंत विषाणू शौचातून बाहेर पडतात. पल्स पोलिओच्या रविवारी दारात आलेल्या आशाताईंना हे आईने सांगावे लागते, आणि त्या बिचाऱ्या गोंधळतात. म्हणून डॉक्टरांचे दोन ओळींचे पत्र घरी ठेवावे. वर्गात किंवा चाळीत कुणाला कांजिण्या निघाल्या तर आपल्या मुलाला पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे. संपर्कानंतर द्यायचे इंजेक्शन शक्यतो चार दिवसांच्या आत लागते. शिक्षकांनी एवढा एक फोन केला तरी खूप झाले. खाण्याचे फार अवडंबर नको: ताजे, शिजलेले, गरम. मऊ भात, वरण, पूर्ण उकडलेले अंडे, सोलून खायची फळे. गाडीवरचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी, उघडी कोथिंबीर-चटणी नाही.

एक मागणी. प्रत्येक जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पुढील मजकूर भिंतीवर असावा, आणि आपल्या वर्तमानपत्राने तो चौकटीत छापावा. घरच्यांनी कापून फाइलला चिकटवावा:

‘डॉक्टर, या मुलाची केमोथेरपी चालू आहे. ताप काखेत १००.४ किंवा जास्त आहे, किंवा मूल मलूल आहे. कृपया एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू करा, रिपोर्टसाठी थांबू नका. रक्तदाब आणि नाडी पाहा. स्नायूत इंजेक्शन, गुदद्वारातून तपासणी किंवा औषध, आयबुप्रोफेन देऊ नका. स्टेरॉइड उपचार करणाऱ्या रुग्णालयाला विचारल्याशिवाय नको. पुढे पाठवत असाल तर पहिली मात्रा देऊन, तिची वेळ लिहून पाठवा. उपचार करणारे रुग्णालय व फोन: ________. शेवटची केमो: ________. लाइन: पोर्ट / पिक / नाही.’

आपले,
कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसोबत काम करणारे काही समाजसेवक व परिचारिका,
परळ, मुंबई